पूर्वसूचना मिळाली, पुढे काय?

आपत्तींच्या पूर्वतयारीविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच शंका आहे : उपग्रह, संवेदक आणि संगणकीय प्रारूपे एवढी पुढे गेलेली असताना आपत्तींमध्ये माणसे अजूनही इतक्या संख्येने का दगावतात? माझे आयुष्य बांधकामांच्या तपासणीत गेले असल्यामुळे मी या शंकेकडे यंत्राच्या बाजूने पाहण्याआधी यंत्रानंतरच्या माणसाच्या बाजूने पाहतो. उत्तरे वाचताना वाचकांनी हा माझा कल लक्षात घ्यावा.

प्रश्न : भूकंपाचे भाकीत करता येत नाही, असे आम्हाला शिकवले जाते. मग जपानमध्ये आणि मेक्सिकोमध्ये धक्का बसण्याआधी भोंगा वाजतो, तो कसा? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भाकीत म्हणजे भूकंप कुठे, केव्हा आणि किती मोठा होईल हे तो होण्यापूर्वी सांगणे, आणि तशी भरवशाची पद्धत आज जगात कोणाकडेही नाही. भोंगा वाजतो तेव्हा भूकंप झालेलाच असतो. फक्त त्याचा जोरदार धक्का तुमच्यापर्यंत अद्याप पोहोचलेला नसतो. जमिनीखाली खडक सरकला की दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली, म्हणजे प्राथमिक लहर, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने जाते आणि फारसे नुकसान करीत नाही. तिच्यामागून येणारी दुय्यम लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास धावते, आणि इमारती हलवते ती हीच. तुम्ही भूकंपाच्या केंद्रापासून शंभर किलोमीटरवर असाल, तर पहिली लहर सुमारे १७ सेकंदांत आणि दुसरी सुमारे २९ सेकंदांत पोहोचते. केंद्राजवळच्या संवेदकाने पहिली लहर टिपली, संगणकाने चार-पाच सेकंदांत अंदाज बांधला आणि संदेश विजेच्या वेगाने निघाला, तर तुमच्या हाती वीसेक सेकंद उरतात.

या पद्धतीची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. केंद्राच्या अगदी जवळ, जिथे हादरा सर्वांत तीव्र असतो, तिथे दोन लहरींमध्ये अंतरच नसते, आणि म्हणून ज्यांना सूचनेची सर्वाधिक गरज असते त्यांनाच ती मिळत नाही. मेक्सिको सिटीचा अनुभव या दृष्टीने फार बोलका आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी प्रशांत किनाऱ्यालगत, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर झालेल्या भूकंपाने या शहरात हजारो माणसे मारली, कारण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेला आहे आणि हा गाळ दूरवरून आलेला हादराही वाढवून देतो. त्यानंतर किनाऱ्यावर संवेदक बसवले गेले आणि १९९१ पासून यंत्रणा काम करू लागली. किनाऱ्यावरच्या भूकंपाला शहर गाठण्यास वेळ लागत असल्यामुळे जवळजवळ मिनिटभराची सूचना मिळू शकते. परंतु २०१७ साली, नेमक्या १९ सप्टेंबरलाच, केंद्र किनाऱ्यावर नसून देशाच्या अंतर्भागात, शहरापासून अवघ्या सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होते. भोंगा आणि हादरा जवळजवळ एकदमच आले. त्या दिवशी साडेतीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. विशेष असे की, १९८५ च्या स्मरणार्थ होणारा वार्षिक सराव त्याच दिवशी, सुमारे दोन तास आधी, पार पडला होता.

वीस सेकंदांत काय होते, असेही आपण विचारले आहे. माणसाला टेबलाखाली शिरता येते, पेटती शेगडी बंद करता येते, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना हात थांबवता येतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, माणसाची वाट न पाहता यंत्रांना पुष्कळ काही करता येते : लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडते, गॅसवाहिनीची झडप मिटते, अग्निशमन केंद्राचे दार अडकण्याआधी वर सरकते, रेल्वेगाड्यांचा वीजपुरवठा तुटून ब्रेक लागतात. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानमध्ये ९.० परिमाणाचा भूकंप झाला तेव्हा तिथे अनेक अतिवेगवान गाड्या धावत होत्या, आणि प्रवासी असलेली त्यांतील एकही गाडी रुळांवरून घसरली नाही.

याच भूकंपाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खडक फाटण्याची क्रिया काही मिनिटे चालू राहिल्यामुळे पहिल्या तीन मिनिटांत केलेला अंदाज खूप कमी निघाला, आणि त्यावर आधारलेल्या पहिल्या त्सुनामी-सूचनेत काही किनाऱ्यांसाठी तीन मीटर, तर एका किनाऱ्यासाठी सहा मीटर उंचीच्या लाटा सांगितल्या गेल्या. हे आकडे नंतर दहा मीटर व त्याहून अधिक असे वाढवले गेले, पण तोवर वीज गेलेली असल्यामुळे सुधारित आकडा अनेकांच्या कानी पडलाच नाही. आपला बांध एवढ्या लाटेला पुरेल, असे ज्यांनी पहिल्या आकड्यावरून ठरवले असेल, त्यांच्यासाठी तो आकडाच घातक होता. जपानच्या हवामान संस्थेने यावरून २०१३ पासून पद्धत बदलली. आता अतिप्रचंड भूकंपानंतरच्या पहिल्या सूचनेत मीटरचा आकडा देण्याऐवजी ‘प्रचंड’ असा शब्द वापरला जातो. मला हा बदल कोणत्याही नव्या संवेदकाइतकाच मोलाचा वाटतो, कारण आपल्याला अद्याप ठाऊक नसलेली गोष्ट अचूक आकड्याच्या वेशात लोकांपुढे ठेवू नये, हे त्यात मान्य केलेले आहे.

प्रश्न : सूचना वारंवार खोट्या ठरल्या की लोकांचा विश्वास उडतो. मग अशा यंत्रणांवर खर्च करण्यात अर्थ आहे का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : अर्थ आहे, आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा बंगालच्या उपसागराच्या काठी सापडतो. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळाने आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख बळी घेतले. वादळ येत आहे हे दूरच्या कार्यालयात कळलेले होते; बेटावरच्या माणसाला मात्र काय करायचे आणि कुठे जायचे हे कळले नव्हते. १९७२ मध्ये तिथे स्वयंसेवकांचा चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. आज त्यात सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत, त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, आणि झेंडे, कर्णे व दारोदार जाऊन सांगणे ही त्यांची साधने आहेत. या झेंड्यामागे उपग्रह असतो, रडार असते आणि संगणकीय प्रारूपही असते; पण शेवटचे पन्नास पाऊल चालत जाणारा माणूस ओळखीचा असतो. ओडिशाच्या किनाऱ्यानेही हेच दाखवले. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली, तर २०१३ मध्ये फायलिन हे अतितीव्र चक्रीवादळ येण्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलवले गेले आणि मृतांची संख्या दोन आकड्यांतच राहिली.

उलट बाजूचे उदाहरण श्रीमंत देशातले आहे. जुलै २०२१ मध्ये जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यात पूर आला. युरोपच्या पूर-अंदाज यंत्रणेने धोक्याची कल्पना काही दिवस आधीच दिलेली होती. तरीही जर्मनीत १८० हून अधिक माणसे मरण पावली आणि त्यांतील बहुतेक याच एका खोऱ्यातली होती. आल्टनार गावातील जलमापक केंद्र पुराच्या ऐन भरात बंद पडले. पाणी किती चढले हे सांगणारे साधन पाण्यानेच नेले. ‘इतका मिलिमीटर पाऊस’ या वाक्याचा अर्थ ‘तुमच्या घराचा खालचा मजला रात्री बुडणार’ असा होतो, हे भाषांतर वेळेवर कोणी केले नाही. एका विशिष्ट भागातील सर्व मोबाइलवर एकाच वेळी संदेश झळकवणारी व्यवस्था त्या देशात तेव्हा नव्हती; ती २०२३ मध्ये सुरू झाली. या व्यवस्थेचा फायदा असा की, तिला कोणाचाही नंबर माहीत असावा लागत नाही आणि मनोरा प्रत्येकाला वेगळा संदेश न पाठवता सर्वांना एकच संदेश प्रसारित करत असल्यामुळे गर्दीत संदेश अडकून राहत नाही. पण संदेश पाठवण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया भागात ही व्यवस्था उपलब्ध होती. संदेश रात्री आठनंतर गेला, आणि तोवर अनेक गावांत पाणी शिरून कित्येक तास झाले होते.

आता खोट्या सूचनांविषयी. सूचना दिली आणि वादळ बाजूने निघून गेले, तर तिला चूक म्हणण्याची घाई आपण करतो. वादळाचा मार्ग सांगताना एक रेषा दाखवली जाते, पण अंदाज मुळात शंकूच्या आकाराचा असतो आणि त्या शंकूतील प्रत्येक गावाला धोका असतो. लोकांचा विश्वास सूचना फोल ठरल्यामुळे जितका जातो, त्याहून अधिक तो ‘का फोल ठरली’ हे नंतर कोणी सांगत नाही म्हणून जातो, असे माझे निरीक्षण आहे. ज्या अधिकाऱ्याने लोकांना निवाऱ्यात नेले, त्यानेच दुसऱ्या दिवशी येऊन वादळ कुठे वळले आणि पुढच्या वेळीही आपण असेच का करणार आहोत, हे नकाशावर बोट ठेवून समजावले पाहिजे. यासाठी पैसा जवळजवळ लागत नाही.

प्रश्न : सारख्याच भूकंपात एका देशात शेकडो मरतात आणि दुसऱ्या देशात लाखावर, असे का? (अनेक वाचक)

उत्तर : २०१० हे वर्ष यासाठी अभ्यासावे. १२ जानेवारीला हैतीमध्ये ७.० परिमाणाचा भूकंप झाला आणि २७ फेब्रुवारीला चिलीमध्ये ८.८ परिमाणाचा. परिमाणाची मोजपट्टी साधी नाही. एका अंकाच्या फरकाने मुक्त होणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते. या हिशेबाने चिलीचा भूकंप हैतीच्या भूकंपाहून ऊर्जेत सुमारे पाचशे पट मोठा होता. चिलीमध्ये त्सुनामीचे बळी धरूनही सव्वापाचशेच्या आसपास माणसे गेली. हैतीतील मृतांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. हैतीचा भूकंप उथळ होता आणि राजधानीच्या अगदी जवळ झाला, तर चिलीचा समुद्राखाली झाला, हा फरक प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. तरीही उरलेल्या फरकाचे मोठे कारण बांधकाम हेच आहे. चिलीने १९६० मध्ये ९.५ परिमाणाचा, म्हणजे आजवर यंत्रांनी नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप सोसला. तेथील बांधकाम नियम प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर तपासून सुधारले गेले, आणि रचनेतील दोषासाठी इमारतीच्या पहिल्या मालकाला, म्हणजे ती प्रथम विकणाऱ्याला, दहा वर्षे जबाबदार धरणारा कायदाही तिथे आहे. हैतीत पाळला जाणारा असा नियमच नव्हता.

‘चांगले बांधकाम’ हा शब्द फार मोघम आहे, म्हणून एकच वस्तू जवळून दाखवतो. काँक्रीटच्या खांबात उभ्या सळया असतात आणि त्यांच्याभोवती ठरावीक अंतरावर आडव्या रिंगा असतात. रिंगेची दोन्ही टोके जिथे मिळतात, तिथे ती काटकोनात वाकवून सोडली, तर काम पटकन होते आणि दिसायलाही नीट दिसते. भूकंपात खांब मागे-पुढे हलू लागला की सर्वप्रथम बाहेरचे काँक्रीटचे आवरण सुटून पडते. आवरण गेले की काटकोनातले टोक मोकळे होते, रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतले काँक्रीट भुगा होऊन निसटते. तेच टोक १३५ अंशांत वाकवून खांबाच्या गाभ्यात घुसवलेले असेल, तर आवरण गेले तरी रिंग गाभा धरून ठेवते. खांब वाकतो, तडकतो, कदाचित कायमचा निकामीही होतो. पण मजला खाली येत नाही आणि आतली माणसे बाहेर पडतात. या दोन खांबांमधला फरक म्हणजे कामगाराने पान्हा पंचेचाळीस अंश अधिक फिरवणे, एवढाच आहे. काँक्रीट ओतल्यानंतर हा फरक बाहेरून कोणाला दिसत नाही. सळया शोधणारी उपकरणे रिंगांमधले अंतर बऱ्यापैकी सांगतात, पण आतले टोक कसे वळले आहे हे सांगत नाहीत. म्हणून काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी बॅटरी घेऊन सळयांच्या जाळ्यात डोकावणारा तपासनीस मला भूकंपविज्ञानाचा शेवटचा आणि न टाळता येणारा दुवा वाटतो. तळमजला गाड्यांसाठी मोकळा ठेवून वरच्या मजल्यांवर भरभक्कम भिंती उभारलेल्या इमारतींत तर हे अधिकच खरे आहे, कारण तिथे सगळे वाकणे तळमजल्याच्या खांबांच्याच वाट्याला येते.

एका वाचकाने इमारतीखालच्या रबरी धारकांविषयी विचारले आहे. रबराचे आणि पोलादी पत्र्यांचे एकाआड एक थर, मध्ये शिशाचा गाभा, अशी ही रचना न्यूझीलंडचे बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात विकसित केली आणि १९८१ मध्ये वेलिंग्टनमधील एका सरकारी इमारतीखाली ती प्रथम बसवली गेली. जमीन हलते, धारक आडवे सरकतात, शिसे उष्णतेच्या रूपाने ऊर्जा जिरवते आणि वरची इमारत संथपणे डोलते. भूकंपानंतरही चालू राहणे ज्यांना भाग आहे, अशा रुग्णालयांसाठी मी ही पद्धत आग्रहाने सुचवीन. मात्र इमारतीला सरकता यावे म्हणून तिच्याभोवती ठेवलेली मोकळी फट पुढे दहा-वीस वर्षे मोकळीच राहिली पाहिजे. कोणी तिच्यात जुने सामान रचले, पायऱ्या ओतल्या किंवा लवचीक जोडाऐवजी साधी जलवाहिनी आडवी टाकली, तर महागडे धारक असूनही इमारत जमिनीला जखडली जाते.

प्रश्न : आमच्या भागात ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ नुकताच येऊन गेला. आता आम्ही निश्चिंत राहावे का? (एक गृहिणी)

उत्तर : नाही. या शब्दप्रयोगाने फार दिशाभूल होते. त्याचा अर्थ असा की, असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक आहे, आणि गेल्या वर्षी तो आला म्हणून या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तुम्ही त्या घरात तीस वर्षे राहणार असाल, तर त्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. शिवाय हे गणित जुन्या नोंदींवर उभे असते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ती साधारण सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे कालच्या नोंदींवरून काढलेला शंभर वर्षांचा पूर उद्या त्याहून लवकर येऊ शकतो. घराची जोती, पूल आणि गटारे ज्या आकड्यावर आखली जातात, तो आकडा कोणत्या सालापर्यंतच्या नोंदींवरून काढला आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

नेदरलँड्समध्ये १९५३ च्या फेब्रुवारीच्या आरंभी समुद्राचे बांध फुटून १,८३६ माणसे बुडाली, आणि त्यानंतर त्या देशाने दशकानुदशके बांध व सरकते दरवाजे बांधले. परंतु पुढे त्यांच्याच अभियंत्यांनी ‘नदीला जागा द्या’ असा कार्यक्रम हाती घेतला आणि तीसहून अधिक ठिकाणी नदीचे पात्र रुंद केले. नायमेगेन शहरासमोर तर त्यांनी बांध साडेतीनशे मीटर मागे नेला. ज्यांची घरे त्यासाठी हलवावी लागली, त्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलणी करावी लागली, आणि मला वाटते की या कामाचा सर्वांत अवघड भाग तोच होता.

प्रश्न : पुलांवर संवेदक बसवले, तर पूल पडण्याच्या घटना थांबतील का? (एक कनिष्ठ अभियंता)

उत्तर : काही थांबतील, काही थांबणार नाहीत, आणि कोणत्या थांबणार नाहीत हे आधी समजून घ्यावे. १५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेत ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज हा पोलादी साखळ्यांवर तोललेला पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसे मेली. कारण निघाले साखळीतील एका पोलादी पट्टीच्या छिद्राच्या कडेला पडलेली, सुमारे अडीच मिलिमीटर खोल चीर. साखळीच्या प्रत्येक दुव्यात दोनच पट्ट्या होत्या, त्यामुळे एक तुटताच दुसरीला भार पेलवला नाही. जोड न उघडता ती चीर दिसणे त्या काळी शक्य नव्हते. या अपघातानंतर त्या देशात पुलांच्या नियमित तपासणीचे राष्ट्रीय नियम झाले. आज ध्वनिलहरींनी पोलादातील चीर शोधता येते, पुलाची कंपने मोजून त्याचा ताठरपणा कमी झाला आहे का हे ताडता येते, आणि उपग्रहातील रडारच्या साहाय्याने काही मिलिमीटरचा खचही टिपता येतो.

पण मिनिआपोलिसमधील महामार्गाचा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी पडला आणि १३ माणसे गेली, त्याचे कारण वेगळे होते. सांध्यांवरचे जोडपत्रे मूळ आराखड्यातच जेवढे हवे त्याच्या निम्म्या जाडीचे होते. त्यावर पुढे रस्त्याचे थर चढले आणि अपघाताच्या दिवशी दुरुस्तीचे साहित्यही रचलेले होते. ही चूक कंपनमापकाने सांगितली असती असे मला वाटत नाही. ती कोणीतरी जुना आराखडा काढून पुन्हा हिशेब केला असता, तर सापडली असती. त्या जागी उभारलेल्या नव्या पुलात तीनशेहून अधिक संवेदक आहेत, आणि ते चांगलेच आहे.

आपण तरुण आहात, म्हणून एक आग्रहाचे सांगणे. संवेदक बसवण्याच्या प्रस्तावात तीन ओळी अवश्य लिहा : कोणता आकडा ओलांडल्यावर पूल बंद होईल, तो बंद करण्याचा अधिकार कोणत्या पदावरील व्यक्तीला वरिष्ठांच्या परवानगीविना असेल, आणि दहा वर्षांनंतर संवेदकांची देखभाल कोणत्या खर्चशीर्षातून होईल. इटलीतील जेनोआचा मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी पडून ४३ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा त्याच्या ताणकांच्या, म्हणजे रस्त्याला वरून तोलून धरणाऱ्या तिरप्या आधारांच्या, मजबुतीकरणाचा आराखडा तयार होता. काम सुरू व्हायचे होते.

प्रश्न : वीज गेली की रुग्णालय, पाणी आणि मोबाइल एकामागोमाग बंद पडतात. यावर उपाय काय? (एक परिचारिका)

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक तयारी एकेका खात्यापुरती होते आणि आपत्ती खाती पाहून येत नाही. फुकुशिमा येथील अणुवीज केंद्राची त्सुनामीसाठीची आखणी सहा मीटरहूनही कमी उंचीच्या लाटेसाठी होती, आणि २०११ मध्ये तिथे आलेली लाट चौदा-पंधरा मीटर चढली. भूकंपात बाहेरची वीज गेली तेव्हा पर्यायी जनित्रे ठरल्याप्रमाणे सुरू झाली होती. पण त्यांतील बहुतेक तळघरात होती, आणि पाणी शिरताच ती थांबली. एकच जनित्र वाचले. ते उंचावर होते आणि समुद्राच्या पाण्याऐवजी हवेवर थंड होत होते. त्याच्या आधाराने पाचव्या व सहाव्या क्रमांकाच्या अणुभट्ट्या वाचल्या. भूकंपाच्या केंद्राला त्याहून जवळ असलेले ओनागावा केंद्र समुद्रसपाटीपासून १४.८ मीटर उंचीवर बांधलेले होते आणि ते सुखरूपपणे बंद करता आले. इ.स. ८६९ मध्ये त्या किनाऱ्यावर मोठी त्सुनामी आल्याच्या नोंदी आणि तिने आत वाहून आणलेल्या वाळूचे थर संशोधकांनी २०११ पूर्वीच अभ्यासले होते, हे इथे आवर्जून सांगतो.

तळघराची चूक पुढेही झाली. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कमधील एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरून वीज बंद पडली आणि तीनशेहून अधिक रुग्णांना हलवावे लागले. लिफ्ट बंद असल्यामुळे परिचारिका आणि डॉक्टर नवजात बाळांना छातीशी धरून, हाताने श्वासफुगा दाबत, अंधाऱ्या जिन्याने खाली उतरले.

आपल्या रुग्णालयात आपण स्वतः एक पाहणी करावी, त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. जनित्र कुठे आहे ते पाहा. ते वर असेल तर त्याची तेलाची टाकी, तेल चढवणारा पंप आणि विजेचा मुख्य फलक कुठे आहेत ते पाहा, कारण साखळीतली एक वस्तू तळघरात असली तरी पुरे. तेल किती तास पुरते, आणि रस्ता बुडाल्यावर ते आणून देण्याची जबाबदारी लेखी कोणाकडे आहे, ते विचारा. जनित्राची चाचणी पूर्ण भार टाकून घेतात की नुसते पाच मिनिटे सुरू करून बंद करतात, तेही विचारा. अनेक ठिकाणी दुसराच प्रकार चालतो, आणि खऱ्या भारावर ते यंत्र किती वेळ टिकेल हे कोणालाच ठाऊक नसते.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे सगळे चित्र बदलेल, असे म्हणतात. खरे आहे का? (एक संगणक अभियंता)

उत्तर : हवामानाच्या अंदाजात ते बदलते आहेच. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने २०२५ च्या फेब्रुवारीत असे प्रारूप नेहमीच्या कामात रुजू केले आहे, आणि जुन्या पद्धतीच्या तुलनेत त्याला फार कमी वेळ व वीज लागते. भूकंपानंतर उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पडलेल्या इमारती शोधण्यातही या तंत्राची मोठी मदत होऊ शकते. माझी चिंता दोन गोष्टींची आहे. ही प्रारूपे भूतकाळातील नोंदींवर शिकतात, आणि आपत्ती ही व्याख्येनेच दुर्मीळ असते. दुसरे म्हणजे, जिथे पर्जन्यमापक आणि जलमापक विरळ आहेत, तिथे शिकायलाही थोडेच असते आणि अंदाज बरोबर आला की नाही हे पडताळायलाही काही नसते. नवे प्रारूप घेताना जुने पर्जन्यमापक बंद करू नयेत, एवढे मी कळकळीने सांगेन.

प्रश्न : आमचे गाव लहान आहे, पैसा नाही, यंत्रे नाहीत. आम्ही काय करावे? (एक लोकप्रतिनिधी)

उत्तर : इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर २००४ मध्ये भोंगा नव्हता, त्या वेळी हिंदी महासागराला त्सुनामीची पूर्वसूचना यंत्रणाच नव्हती. पण १९०७ च्या त्सुनामीची आठवण तिथे ‘स्मोंग’ या एका शब्दात आणि अंगाईगीतांत जपलेली होती : जमीन जोरात हलली, समुद्र मागे हटला, की टेकडीकडे पळा. २६ डिसेंबरचा प्रचंड भूकंप या बेटाच्या अगदी जवळ झाला, आणि सुमारे ७८ हजार वस्तीच्या या बेटावर त्सुनामीत केवळ सात माणसे दगावल्याचे नोंदले गेले आहे. लोकांनी कोणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही, कारण काय करायचे ते आधीच ठरलेले होते.

आपल्यालाही हेच ठरवता येईल. नदीच्या पुलाच्या खांबावर रंगाने उंचीच्या खुणा करा, वरच्या अंगाच्या गावाशी दूरध्वनीचा संबंध ठेवा, आणि तिथले पाणी कोणत्या खुणेला लागले की आपल्याकडे किती वेळात चढते हे दोन-तीन पावसाळे वहीत लिहून ठेवा. एवढ्यानेही स्थानिक अंदाज बराच सुधारतो. कोणत्या खुणेला कोणती वस्ती हलवायची ते सभेत ठरवून भिंतीवर लिहा. ज्यांना स्वतः चालता येत नाही, अशांची यादी करा आणि प्रत्येकासमोर त्याला नेणाऱ्या दोघांची नावे लिहा. मोबाइल बंद पडेल असे धरून कागदी नकाशा आणि बॅटरीवरचा रेडिओ निवाऱ्यातच ठेवा.

आणि सराव रात्री घ्या, पावसात घ्या, दिवे बंद करून घ्या. दिवसाच्या सरावात जे कळत नाही ते रात्री कळते : निवाऱ्याच्या कुलपाची चावी कोणाकडे आहे, तो माणूस गावात आहे का, वाटेतल्या ओढ्यावर फळी आहे का. पहिल्या सरावात चावी सापडली नाही, तर दुसऱ्या दिवशी तिच्या तीन प्रती करून तीन घरांत ठेवा, आणि महिन्याभरात सराव पुन्हा घ्या.